मोतीच्या नावाचं कार्ड

प्रिय पगारे अण्णा,

सोमवारपासून हत्तीरोगाच्या पाहणीची एक तुकडी माझ्या हाताखाली येतेय! सिन्नरकडची गावं. बातमी कळली आणि पहिला फोन तुम्हाला लावावा असं वाटलं. आता मोबाईल आहे माझ्याकडे, पण तुम्हीच राहिला नाहीत. म्हणून हे पत्र. शिवाय एक गोष्ट तुमच्याशी बोलायची राहूनच गेलीय.

सायखेड्याची पाहणी आठवते? डास माणसाला चावतात तसे कुत्र्यालाही, म्हणून त्या वर्षी दोघांचंही रक्त तपासायचं होतं. हे जंतू रात्रीच रक्तात वर येतात, त्यामुळे लोकांची जेवणं उरकल्यावर तुम्ही दारोदार फिरायचात. सुई पाहिली की लोक कडी लावायचे. तुम्ही मात्र आधी घरच्या कुत्र्याच्या कानाला टोचायचात. "बघा, ह्यो कुई करत नाय, तुमी कशाला भेता?" आणि मग त्याचं नाव घरच्याच यादीत, शेवटच्या ओळीत! का, तर म्हणे, "घरचं खातो, घर राखतो, मग घरातलाच की!" याला काय म्हणावं, अण्णा?

मी प्रयोगशाळेत नवी, नेमणूक तात्पुरती; तुमच्या या यादीची मला तेव्हा काहीच कल्पना नव्हती. रक्ताच्या थेंबाच्या एका काचेवर जंतू दिसले. रजिस्टरात नाव मोती, वय तीन. तीन वर्षांचं लेकरू! माझे डोळेच भरून आले. त्याच दुपारी कार्ड धाडलं: आपल्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू आढळले आहेत, गोळ्या घेण्यासाठी समक्ष यावे.

आणि मोती समक्ष आला! जीपमध्ये बसून, आंघोळ करून, गळ्यात नवी दोरी. सोबत त्याच्या घरची आजीबाई. "बाई, गोळी भाकरीत देऊ का दुधात? लय नखरे हायेत ह्याचे."

सगळं ऑफिस हसलं, साहेब सोडून. "माणसाचा जंतू कुठला, कुत्र्याचा कुठला, एवढंही कळत नाही? उद्यापासून येऊ नका."

घर माझ्या नोकरीवर चालत होतं. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. "साहेब, कुत्र्याला माणसांत मी बसवला. पोरीचा काय दोष?" बोलणी तुम्ही खाल्लीत, नोकरी माझी वाचली.

अण्णा, दोष माझाही होता. माणसाच्या त्या जंतूवर पातळ आवरण असतं, मोतीच्या जंतूवर ते नव्हतं. मला दिसलं होतं. पण पहिला रुग्ण आपण शोधला, या भरात मी ते मनावर घेतलं नाही. आणि साहेबांसमोर खाली मान घालून गप्प राहिले. त्याची लाज अजून वाटते.

पण पुढची फेरी काय झाली! "आमच्या मोतीला सरकारी कार्ड, अन् आमाला नाय व्हय?" म्हणत आजीबाईंनी अख्खी गल्ली रांगेत उभी केली. काचा कमी पडल्या! तुम्ही हसून हसून डोळे पुसत होतात.

त्या दिवशी ती काच तुम्हीही भिंगाखाली धरली होतीत ना? तुमच्या अनुभवी नजरेतून काय सुटणार? तरी एका शब्दाने मला विचारलं नाहीत. मीच सांगेन म्हणून वाट पाहिलीत का हो?

माझ्या तुकडीत एक नवी मुलगी आहे. सुई धरताना गोंधळते, पण बोलते मोठ्या तोऱ्यात. तिच्या हातून चूक होणारच. तेव्हा तिच्या पुढे मी उभी राहीन, अण्णा, शब्द देते. ती मागे गप्प राहिली तरी चालेल.

तुमची,
सुनंदा