अण्णांचा पाय

कोल्हापूर,
डिसेंबर २००१

प्रिय दादा,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण माझ्या सासरी फोन नाही, आपला घरचा फोन बाहेरच्या खोलीत आणि अण्णा दिवसभर तिथंच पेपर धरून बसलेले. शिवाय तू फोनवर मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून लिहिते. इकडं सगळं ठीक. थंडीनं आईचे गुडघे धरतात, माझ्या शाळेत स्नेहसंमेलनाचा गोंधळ चालू आहे. सानिकाला सांग, तिची विसरलेली बाहुली आजीनं कपाटात ठेवलीय आणि बाहुलीला परकरसुद्धा शिवलाय.

मुख्य बातमी गाडीची. दिवाळीत पन्हाळ्याच्या चढाला काय झालं ते तू पाहिलंसच, पण मी मागच्या सीटवरून काय पाहिलं तेही ऐक. वाघबीळ ओलांडल्यावर गाडी गचके खायला लागली, बंद पडली, हातभर मागं सरकली. मागच्या ट्रकनं हॉर्न लावला आणि सानिका रडायला लागली. तू अण्णांना खाली उतरवलंस, स्वतः बसलास आणि तिथूनच गाडी घराकडं वळवलीस. उताराला ती मुकाट आली. तेवढ्यावरून तू ठरवून टाकलंस की गाडीत काही दोष नाही, अण्णांचा पाय आता क्लचवर नीट पडत नाही. "वय झालं तुमचं, यापुढं सानिकाला मी तुमच्या गाडीत बसवणार नाही," हे तू सगळ्यांच्या देखत बोललास. ज्या माणसानं गगनबावड्याच्या घाटात उभा जन्म एसटी चालवली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, त्याला. मला तुझा राग आला होता, अजूनही आहे. अण्णांनी घरी आल्यावर किल्ली टीव्हीवर ठेवली आणि त्यानंतर तिला हात लावला नाही.

मग आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली की मी सासरहून येऊन गाडी काढायची, असं ठरलं. अण्णा शेजारी बसायचे. गाडी माझ्या हातातही तश्शीच गचके खायची. सिग्नलला उभी असताना इंजिन उगाच चढायचं आणि उतरायचं, वेग घ्यायला गेलं की बॉनेटखाली फट्ट करून आवाज यायचा. मी म्हटलं, अण्णा, हा तुमचा पाय नव्हे. तर म्हणाले, "तुला मीच शिकीवलंय न्हवं? मग तुझा पायबी माझ्यावाणीच पडनार की!" सांग, या माणसापुढं काय डोकं फोडायचं?

शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढतच उद्यमनगरात तोहिदभाईंच्या गॅरेजला नेलं. त्याआधी एका मेकॅनिकनं कार्बोरेटर धुऊन, स्क्रू पिळून पेट्रोल वाढवून दिलं होतं, गुण काही आला नव्हता. तोहिदभाईंनी प्लग काढून दाखवले. टोकं पांढरीफटक होती, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. मग त्यांनी विचारलं, चोक ओढल्यावर, म्हणजे हवा कोंडल्यावर, कशी पळते? अण्णा म्हणाले, झ्याक पळती. "मग पेट्रोल कमी न्हाय अण्णा, हवा जास्त व्हतीया. कुठनं तरी चोरून वारं घेतीया ही," असं म्हणत तोहिदभाई इंजिन चालू ठेवून एकेक रबरी पाईप पकडीनं दाबत गेले. दाबला की बघायचं, सोडला की पुढचा. एक काडीएवढा बारीक पाईप दाबला आणि इंजिन एकदम शांत झालं, रडणारं पोर कडेवर घेतल्यावर होतं तसं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

त्या पाईपाला खालच्या बाजूनं चीर गेली होती. चिरेवर दोरा आवळलेला होता आणि दोऱ्याला झेंडूचं एक वाळकं देठ अजून चिकटून होतं. खंडेनवमीची माळ! आपल्याकडं अण्णांची डेपोतली रीत, तुला माहीतच आहे. पुढच्या जाळीला हार कुणीही घालतं, पण पूजा करायची ती इंजिनाची, म्हणून एक लहान माळ बॉनेटच्या आत. तापून कडक झालेलं जुनं रबर, त्यावर दोरा आवळला आणि ते फाटलं. "ही कुणी बांधली?" तोहिदभाईंनी विचारलं. अण्णा दोऱ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मीच बांधलती. ध्यानात आलं न्हाय." नवा पाईप बसला, पिळलेला स्क्रू जागेवर आला. परत येताना कावळा नाक्यापासून घरापर्यंत गाडीनं एक गचका खाल्ला नाही. चालवत मात्र मीच होते.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. खंडेनवमीला तू आला होतास, दादा. ताट माझ्या हातात होतं, अण्णा आंघोळीला गेले होते. गेल्या वर्षीची माळ सुटून पंख्यात अडकली होती, म्हणून तू ती त्या पाईपाला दोन फेरे देऊन करकचून आवळलीस, आणि अण्णा बाहेर आल्यावर "बघा, यंदा सुटायची नाही" म्हणून कौतुकानं दाखवलीस. तू प्रेमानंच बांधलीस, त्यात काही वाकडं नाही. पण अण्णांना सगळं आठवतं. गॅरेजातून आल्यावर त्यांनी मला बजावलं, दादाला यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय. गाडी नीट झालीय, पाय त्यांचा पहिल्यापासून नीटच होता, तरी ते चालवत नाहीत. चालवली तर तू विचारणार, नेमकं काय बिघडलं होतं. ते सांगायला नको म्हणून ते तुझ्या लेखी म्हातारे व्हायला तयार आहेत. मी त्यांचा शब्द मोडलाय आणि मला त्याचं काही वाटत नाही. फोनवर माफीबिफी मागू नकोस, ते रिसीव्हर आईच्या हातात देतील. तू ये. किल्ली त्यांच्या हातात दे, सानिकाला त्यांच्या शेजारी पुढं बसव. तू मागं बस, आणि गप्प बस.

तुझीच,
अक्षता