अक्काच्या वहीची मागची पानं

४ जून
अक्काचं ई-रीडर तिच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरून माझ्याकडे आणलं. तिची तक्रार एकच, जोडाक्षरं फुटून दिसतात. "वाचताना खडा लागल्यासारखं होतं रे." कस्टम फर्मवेअर, म्हणजे आतली प्रणालीच दुसरी, टाकलं की देवनागरी नीट दिसेल, हे मीच फुशारकीनं सांगितलेलं. "सरी, बरं. पण माझी वही सांभाळ." वही त्यातच आहे. आई गेल्यापासून अक्का तिच्या तोंडचे शब्द पडद्यावर त्याच्या पेननं लिहून ठेवते. अर्धे मराठी, अर्धे कन्नड.

५ जून
सकाळी टाकलं. वीस मिनिटं. जोडाक्षरं सुरेख.
वही नाही.

५ जून, दुपार
सूचना परत वाचल्या. सातव्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय: आधी प्रत काढा, साठवलेलं सगळं पुसलं जाईल. मी तिसऱ्यावर थांबलो होतो. तीस वर्षं बातम्या खालून कापल्या; महत्त्वाचं वरच असतं, हा हाताचा हिशेब. ज्युनिअरनं हे केलं असतं तर मी त्याला...

७ जून
फोरमवर विचारलं. उत्तर: "प्रत नसेल तर विसरा."
अक्काचा फोन. म्हटलं, थोडं राहिलंय.
"स्वल्प सावकाश कर. तुला मेली डेडलाइनची खोड." हसली. मीही हसलो. तेच जास्त लागलं.

८ जून
ई-रीडरवरच नवी वही उघडून शब्द आठवून भरायला बसलो. तिच्या अक्षरात! वग्गरणी म्हणजे फोडणी. असे बारा झाले. तिचा 'र' काही जमेना. या वयात बहिणीच्या अक्षराची चोरी. सगळं पुसलं. सांगायचं ठरवलं. वाक्य लिहिलं, दोनदा तासलं.

११ जून
बसवनगुडी. बसमध्ये वाक्य पाठ.
अक्कानं आधी पुस्तक उघडलं, मोठ्यानं वाचलं. "शहाणा रे माझा! आई असती तर दृष्ट काढली असती."
मग म्हणाली, "वही उघडून दे. काल आठवलं, आई चिमूटभर म्हणायचीच नाही. चिटकीभर."
कोरं पान उघडून दिलं. तिनं सावकाश शब्द लिहिला, पुढे अर्थ. बोटानं पान मागे सारलं. परत सारलं.
"श्रीधर, मागची पानं कशी काढायची रे?"
चहा ठेवतो म्हणालो.
हे तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानं लिहितोय. पाणी आटून अर्धं झालंय. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली.