हिरव्या गाडीच्या पोटाखालचा वासा

५ जानेवारी

मुलाने कुठल्यातरी जुन्या सालची कोरी डायरी दिली. तारखा बरोबर, वार चुकीचे छापलेले. मला वाराशी काय करायचंय. कुणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहीन. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी खरं लिहायला पुरते.

नातीचं लग्न ठरलं. चार मार्च, नोंदणी कचेरी, सकाळी अकरा. घरापासून कचेरीपर्यंत ती माझ्या गाडीतून जाणार. हे मी ठरवलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

गाडी म्हणजे आमच्या ह्यांची हिरवी. मागच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी आहे. गाडीला काहीही झालेलं नाही. फक्त चालत नाही.

६ जानेवारी

नातीला सांगितलं. म्हणाली, आजी, धाकट्या आजीने आधीच विचारलंय, माझ्या काळ्या गाडीतून चल म्हणून.

धाकटी आजी! आजी मी. ती माझी जाऊ. आमच्या दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे, ती भावाभावांनी घातली, आता दोघेही भाऊ नाहीत, भिंत आहे. धाकटीकडे जुन्या मॉडेलची काळी गाडी आहे. रोज सकाळी सातला गॉगल लावून पुसते. ऊन नसतं तेव्हाही गॉगल. मी बघत नाही. सात वाजता माझं भिंतीपाशी काम असतं.

ती स्वतः गाडी चालवते. नातीलाही तिनेच शिकवली. मीच शिकवणार होते. मला येत नाही म्हणून राहिलं.

मग तू काय म्हणालीस, असं नातीला विचारलं. म्हणाली, जी चालेल तिच्यातून जाईन. म्हणजे माझ्याच. दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात लोक घरं बांधतात.

मला धाकटीचा हेवा नाही. हे एकदा लिहून ठेवते, म्हणजे परत लिहायला नको.

९ जानेवारी

मिस्त्री आला. साठीचा असेल. गुडघे वाजतात, तोंड वाजत नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि चहा मागितला. चहा पिऊन दुसरी फेरी मारली. मग म्हणाला, आजी, या गाडीला रिपेरीचाच आजार आहे. ज्याच्या हातात पडली त्याने काहीतरी ठोकलंय. आधी ते सगळं काढू, मग गाडी कुठे आहे ते दिसेल.

मला पटलं. ही हिरवी आधी एका कंत्राटदाराची, मग धाकटीच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊजींची. त्यांनी ती आमच्या ह्यांना विकली आणि काळी घेतली. म्हणजे आपला खटारा आमच्या गळ्यात मारला. जे काही वाईट ठोकलंय ते भाऊजींनी. आमच्या ह्यांचा हात साफ होता.

मिस्त्रीला सांगितलं, भाऊजींचं जे जे सापडेल ते उपटून भिंतीवर मांडून ठेवा. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, वाळायला.

१४ जानेवारी

आज निघालेला माल. बॉनेटला कपाटाची कडी. काच वरखाली करायच्या दांडीच्या जागी नळाची चावी. पायाखाली तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर बाईचा हसरा फोटो. एवढी वर्षं तिच्या तोंडावर पाय ठेवून फिरलो. वायरिंग सगळं एकाच रंगाचं आणि जोड लावले आहेत जखमेच्या चिकटपट्टीने.

सगळं भिंतीवर मांडलं. कडी मधोमध.

धाकटी आली. बघितलं. म्हणाली, अगंबाई, जाऊबाई, ही कडी तर तुमच्या कपाटाची. आठवतं, तुमचं कपाट वर्षभर सुतळीने बांधलेलं होतं?

लोकांच्या कपाटाचं इतकं लक्षात ठेवणारी माणसं चांगली नसतात.

१५ जानेवारी

कडी भिंतीवरून काढली. ऊन लागत होतं.

२२ जानेवारी

डाव्या दाराची पुट्टी मिस्त्रीने ठोकून पाडली. वीत-वीत जाड. खाली रद्दी. रद्दीखाली भोकात कोंबलेला शर्ट, लाल चौकड्यांचा. तिसरं बटण वेगळं, पांढरं. ते मी शिवलेलं. आमच्या ह्यांचा शर्ट. मी घरभर शोधला होता आणि धोब्याशी भांडले होते.

मिस्त्री म्हणाला, हे काम कुणाचं हो? मी म्हटलं, भाऊजींचं. शर्ट भिंतीवर वाळत असेल, उचलला आणि कोंबला. मिस्त्री म्हणाला, गाडी तेव्हा तुमच्याकडे होती ना? रद्दीवर तारीख आहे.

त्याला चहा दिला. बिनसाखरेचा.

२९ जानेवारी

धाकटीने नातीच्या हाती पॉलिशची डबी पाठवली. भारी, मेणाची. गाडीला दारं नाहीत, पॉलिश कशाला लावू? टोमणा आहे. नात म्हणाली, अगं, प्रेमाने दिलंय. हिला माणसं कळत नाहीत. उगाच नाही तिकडे रोज संध्याकाळी जात.

डबी ठेवून घेतली. परत केली असती तर वाईट दिसलं असतं. घरातली कपाटं चकाचक झाली.

संध्याकाळी नात तिकडे किती वेळ असते ते बघितलं. एक तास दहा मिनिटं. माझ्यापाशी वीस, त्यातली पाच चहाची.

३ फेब्रुवारी

नातीचा होणारा नवरा आला. शेडमध्ये नेला. गाडी बघून म्हणाला, वा, मस्त. तेव्हा गाडीला दारं नव्हती, सीट नव्हती, पुढची चाकं नव्हती. पोरगा चांगला आहे. डोळ्यांचा नंबर काढायला हवा.

७ फेब्रुवारी

आज मिस्त्री गाडीखाली तासभर झोपला. मला वाटलं खरंच झोपला. बाहेर आला आणि बराच वेळ हात पुसत बसला. म्हणाला, दारांच्या खालचा पत्रा दोन्ही बाजूंनी कुजून संपलाय. पण कुणीतरी पोटाखाली सागाचा वासा घातलाय, लांबच्या लांब, चार बोल्ट मारून. सगळी गाडी त्या वाशावर उभी आहे. काम गावठी, पण माणूस डोक्याचा.

कुणाचं ते विचारायच्या आत भिंतीवरून आवाज आला. आमच्या ह्यांचं! मी स्वतः वासा धरला होता!

धाकटी. गॉगलसकट.

नातही तिथेच उभी. म्हणाली, बघ आजी, धाकट्या आजोबांचं काम किती पक्कं. म्हणजे माझ्या नवऱ्याचा शर्ट आणि हिच्या नवऱ्याचा वासा. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच गाडीखाली, कौतुक त्यांचं.

मिस्त्रीला सांगितलं, आधी तो वासा काढा. तो म्हणाला, काढायचाच आहे. पण आधी चार बाजूंनी टेकू, मग आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून मग. दारं आणि सीट परत लावून ठेवतो, दारं नीट मिटतात का ते बघत बघत काम करावं लागेल. बोल्टना तेल सोडतो. सोमवारी टेकू घेऊन येतो. तोवर हात लावू नका.

मी म्हटलं, मी कशाला हात लावते.

८ फेब्रुवारी

संध्याकाळी ६. गोधडी घेऊन बसले आहे. कारण थंडी.

सकाळी धाकटी काळी पुसत होती आणि नातीला वाशाची गोष्ट सांगत होती. पहिल्यापासून. वासा कुठून आणला, कसा कापला, भाऊजींना घाम कसा आला. नात हसत होती. अशी ती माझ्यापाशी हसत नाही.

घरची सगळी बारा वाजता कपडे खरेदीला गेली. मिस्त्रीचा पाना शेडमध्ये होता. बोल्टची डोकी गाडीच्या आत, पायाखालच्या चटईखाली. मी मागच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, वारा येत होता म्हणून. तेल मुरलेलं. पहिला बोल्ट लोण्यासारखा. दुसरा तसाच. मिस्त्री लोकांची उगाच मिजास असते. तिसरा थोडा अडला. चौथा निघाला आणि वासा खाली पडला, धप्प.

मग गाडीने उसासा टाकला. मधोमध खचली. वाकून बसलेल्या म्हशीसारखी. दार ढकललं, हलेना. चारही दारं चिमटीत सापडल्यासारखी घट्ट. काच खाली करायला गेले तर नळाची चावी भिंतीवर. मीच काढायला लावलेली. काच दोन बोटं उघडी.

हाक मारली नाही. भिंतीपलीकडे कोण आहे ते मला माहीत होतं. आत बसून शांतपणे विचार केला. पाऊण तास. मग तहान लागली.

धाकटी आली. हसली नाही. तेच जास्त लागलं. तिने फटीतून स्ट्रॉने पाणी पाजलं. म्हणाली, जाऊबाई, दमाने घ्या. मग डिकीत शिरली. अडुसष्ट वर्षांची बाई! आतून म्हणाली, सीटची पाठ नाडीने बांधलीय, कात्री आणते. नाडी कापली, पाठ पाडली, आणि मला डिकीतून बाहेर ओढलं. पाय आधी.

नाडी आमच्या ह्यांच्या लेंग्याची होती. तिथे नट लावला असता तर मी अजून आत असते. म्हणजे आज मला वाचवलं ते आमच्या ह्यांच्या रिपेरीने. कात्री तिची होती, ते काही मोठं नाही.

९ फेब्रुवारी

मिस्त्री टेकू घेऊन आला. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, आजी, मी सोमवार म्हटलं होतं. मी डायरी दाखवली. कालच्या तारखेला सोमवार छापलाय.

त्याने टेकू परत टेम्पोत ठेवले. मग मी चहा टाकला. साखर घातली. मग टेकू परत उतरवले.

१२ फेब्रुवारी

जॅक लावून गाडी उचलली. मिस्त्रीने भाऊजींचाच वासा परत ठोकला, तात्पुरता. म्हणाला, आता पोटच नवीन बनवावं लागेल. किती दिवस? म्हणाला, वर्ष. मी म्हटलं, चार मार्च. तो म्हणाला, कुठल्या सालचा?

माणूस बोलायला लागला आहे. आमच्या घराचा गुण.

२० फेब्रुवारी

नवीन विचार. गाडी कचेरीपर्यंत कशाला जायला हवी? शेडपासून फाटकापर्यंत गेली तरी गेलीच. नात बसेल, चार जण ढकलतील, फाटकापाशी उतरेल. सुरुवात माझ्या गाडीतून झाली, असं म्हणता येईल.

मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, ढकलली तर पुढचा अर्धा भाग फाटकाशी जाईल. मागच्याचं सांगता येत नाही.

नातीला मीच म्हटलं, जा त्या काळीतून. मन मोठं लागतं त्याला. नातीने मिठी मारली. मग लगेच पळाली, कुठे ते लिहीत नाही.

३ मार्च

उद्या लग्न. धाकटीने काळी इतकी पुसली आहे की तिच्यात आमची अख्खी भिंत दिसते, आणि भिंतीवर मी.

सुनेने विचारलं, तुम्ही कोणत्या गाडीत बसणार? मी सांगितलं, काळीत पाऊल ठेवणार नाही. टॅक्सी बोलवा. मला मोकळं बसायला आवडतं. सून म्हणाली, अहो, पण तिने तुमच्यासाठी... मी म्हटलं, टॅक्सी. सून गेली. अर्धं बोलून जायची सवय आहे तिला.

४ मार्च

संध्याकाळी ५. लग्न झालं. पाय सुजले आहेत.

सकाळी ठेवणीतले कपडे घालून टॅक्सीत बसले. सोबत मुलगा, सून आणि केकचं खोकं, माझ्या मांडीवर. पुढे काळी. सगळ्या रस्त्याने तिचा धूर खाल्ला. धूर फार सोडते. मुलगा म्हणाला, धूर नाही, आई, टॅक्सीवाल्याची बिडी आहे.

कचेरीपाशी काळी थांबली आणि चालवायच्या बाजूने नात उतरली. स्वतः चालवत आली, लग्नाला! मागच्या दारातून धाकटी उतरली. मागच्या. मी म्हटलं, ही मागे का? नात माझ्याकडे न बघता म्हणाली, पुढची सीट तुझ्यासाठी ठेवली होती. मी धाकट्या आजीला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, पुढे फक्त आजी बसेल. तू टॅक्सी बोलावलीस म्हणून आम्ही तिथे पर्सा ठेवल्या.

पुढच्या सीटवर चार पर्सा आणि कागदांची फाइल. पट्टा लावलेला.

मी केकचं खोकं दुसऱ्या हातात घेतलं. जड होतं.

आत कचेरीत सह्या झाल्या. साहेबाने टेबलावर ठेवलेल्या वहीत माझीही सही झाली, साक्षीदार म्हणून. नीट आली. पण माझं सगळं लक्ष त्या सीटवर. मनाशी ठरवलं, जाताना आपणच पुढे बसायचं. पर्सा मांडीवर घेऊ. आपला काही हट्ट नव्हताच.

बाहेर आलो. मी झपाझप काळीपाशी गेले, सुजल्या पायांनी. पुढचं दार उघडणार, एवढ्यात मागून हात आला. नातजावई. म्हणाला, आजी, तुम्ही आरामात मागे बसा हं. आणि बसला. माझ्या सीटवर. नात त्याच्याकडे बघून हसली. धाकटीपाशी हसते त्याहून जास्त.

मागे बसले. धाकटी सरकली, खिडकी मला दिली. जावयाने दार लावलं ते असं आपटून की गाडी हलली. जुन्या गाडीचं दार असं लावतात? अख्ख्या रस्त्यात नातीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझ्याकडे नाही आणि धाकटीकडेही नाही.

अर्ध्या वाटेत धाकटीने गॉगल काढला. कोपराने मला ढोसलं आणि हळू आवाजात म्हणाली, जाऊबाई, सीट किती मागे सरकवलीय बघा मेल्याने, माझे गुडघे.

मी म्हटलं, माझेही.