दहा जणांच्या बोटीतील अकरावी व्यक्ती

प्रति,
मा. सर्वेक्षण अधिकारी,
नौका नोंदणी व सर्वेक्षण शाखा,
मुंबई उपनगर.

विषय : ‘लेडी शर्मिष्ठा’ या वापरलेल्या मोटार यॉटची क्षमता एका व्यक्तीने वाढवून मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास परिच्छेद ८ मधील विनंती मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्या तिन्हींना आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

अर्जदार चंद्रप्रकाश धाकू घाडीगांवकर, वय ६४, सेवानिवृत्त फोरमन, राहणार मुलुंड पूर्व, आपणांस चौथ्यांदा तसदी देत आहे. मागील अर्जांत मुद्दा थोडक्यात मांडल्यामुळे तो पोहोचला नसावा, अशी त्याची समजूत झाल्याने या खेपेस सविस्तर निवेदन करीत आहे.

१. मुलुंडला समुद्र नाही, ही वस्तुस्थिती अर्जदारास मान्य आहे. तरीही निवृत्त झाल्यावर त्याने अठरा फुटांची, सहा जणांची एक जुनी मोटारबोट घेतली व ती गोराईच्या खाडीत ठेवली. गेली सहा वर्षे तो दर रविवारी दोन बस बदलून बोटीकडे जातो, अर्धा तास खाडीत फिरतो आणि दोन बस बदलून जेवायला घरी येतो. सोसायटीत याला ‘काकांचं खूळ’ म्हणतात. अर्जदाराने ते मनावर घेतलेले नाही.

२. या खुळाचे कारण अर्जदाराच्या मातोश्री श्रीमती माणिक, वय ८४, या होत. लग्नानंतर १९६० साली त्या देवगडकडील वाघमळे गावाहून आगबोटीने मुंबईस आल्या. भाऊच्या धक्क्यावर अर्जदाराचे वडील गिरणीतली पाळी बदलून घेऊन पहाटेपासून उभे होते. बोट लागताच त्यांनी आधी ट्रंक उचलली आणि मग बायकोकडे पाहिले, अशी मातोश्रींची तक्रार आजतागायत कायम आहे. पुढे आगबोटी बंद पडल्या. घाटातल्या वळणांनी मातोश्रींना उलट्या होतात आणि गुडघ्यांमुळे रेल्वेची पायरी चढवत नाही, म्हणून अकरा वर्षांत त्यांनी गाव पाहिलेला नाही. कोणी आग्रह केला की त्यांचे उत्तर ठरलेले असते : “आगबोटीन इलंय, आगबोटीनच जातलंय. तुमका काय करूचा आसात ता करा.” अर्जदाराने बोट घेतली ती एवढ्यासाठी.

३. येथे आमच्याकडील गाऱ्हाण्याची पद्धत सांगणे भाग आहे. कोणतेही नवे काम सुरू करताना घरातील वडीलधाऱ्याने नारळ हाती घेऊन देवाला खड्या आवाजात विनंती करायची आणि बाकीच्यांनी “होय म्हाराजा” म्हणायचे. आपल्या कार्यालयाच्या भाषेत सांगायचे तर तो तोंडी अर्ज असतो. मात्र तो मागे घेता येत नाही. पहिल्या बोटीच्या पूजेस अर्जदाराच्या काकांनी गोराईच्या चिखलात उभे राहून गावच्या देवाला गाऱ्हाणे घातले : “बा देवा म्हाराजा, ह्या घरची सगळी लेकरां, लहान-थोर, एकाच बोटीतसून एका टायमाक जत्रेक तुझ्या पायाकडे हाडतलंव रे म्हाराजा!” झाले, सगळ्यांना एकाच बोटीने जत्रेला आणण्याचा शब्द गेला. सगळे एका सुरात “होय म्हाराजा” म्हणून मोकळे झाले. बोट सहा जणांची होती आणि घरची माणसे दहा. काकांनी क्षमता विचारली नाही व अर्जदाराने सांगितली नाही. अर्जदाराची पत्नी सौ. प्रेमा यांना उभ्या असलेल्या बोटीतही गरगरते, तरी त्याही “होय म्हाराजा” म्हणाल्या. तोंडातून सवयीने निघून गेले, असे त्या आता सांगतात.

४. देवाला दिलेला शब्द पाळण्यासाठी मोठी बोट घेणे प्राप्त झाले. गेली पाच वर्षे अर्जदार जुन्या बोटींच्या जाहिराती वाचत होता. अखेर अंधेरीच्या एका सद्गृहस्थांची चौतीस फुटी यॉट पसंत पडली. दोन इंजिने, दोन केबिन, बेताची गळती. पाहणीस सगळे कुटुंब गेले होते. अर्जदाराने इंजिने पाहिली. प्रेमा यांनी ओटा पाहिला आणि “इथे कुकर बसेल, पण शिटी झाली की वर कोण बसलंय त्याची वाट लागेल,” असा अभिप्राय दिला. थोरली सून अपूर्वा हिने संडास दोनदा तपासला. शर्मिष्ठा कोण, अशी चौकशी घरी दोन दिवस चालली. ती मूळ मालकांची आई असल्याचे कळल्यावर तो विषय बंद झाला.

५. आपण स्वतः गोराईस येऊन बोट तपासली, गळती दाखवून दिली व ती बुजवल्यावर प्रमाणपत्र दिले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. अडचण एवढीच, की प्रमाणपत्रात ‘तांडेलासह दहा व्यक्ती’ असे आहे. घरचे दहा आणि समुद्रात बोट चालवणारा परवानाधारक तांडेल एक, मिळून अकरा होतात. अर्जदारानेच तांडेल का होऊ नये, असे आपण त्या दिवशी विचारले होते. अर्जदाराने ती परीक्षा दिली. इंजिन व दोरांच्या गाठी या विषयांत तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, परंतु डोळ्यांच्या तपासणीत त्याला लाल दिवा व हिरवा दिवा सारखेच दिसत असल्याचे उघड झाले. हे ऐकून प्रेमा यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. चेकनाक्याच्या सिग्नलवर स्कूटरच्या मागे बसून आपण हे तीस वर्षे भोगले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

६. यानंतरचे तीन अर्ज आपल्या दप्तरी आहेत. पहिल्या अर्जात नात दिशा, वय ७, हिला एसटीप्रमाणे अर्धी धरावी, अशी विनंती होती. दुसऱ्यात मातोश्रींचे वजन चौतीस किलो असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून त्यांना व दिशाला मिळून एक धरावे, असे सुचवले होते. तिसऱ्यात काका प्रवासभर उभे राहण्यास तयार असल्याचे त्यांचे संमतिपत्र होते. ‘व्यक्ती मोजताना वय, वजन व बसण्याची पद्धत विचारात घेतली जात नाही’ हे आपले उत्तर अर्जदाराने शांतपणे वाचले. फोरमन म्हणून एकतीस वर्षांत त्यानेही कोणाला यंत्रावर जादा भार टाकू दिला नव्हता. आपले बरोबर आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

७. दसऱ्याला मातोश्रींना खुर्चीत बसवून बोटीवर नेले. “ह्येका भोंगो खंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. तो वाजवून दाखवल्यावर त्या तासभर खिडकीशी बसल्या व घरी येताच त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आठवडाभर त्यांचे भरणे चालले होते. मग आपल्या तिसऱ्यांदा आलेल्या त्याच उत्तराची चर्चा त्यांच्या कानी गेली. दुसऱ्या दिवशी ट्रंक पुन्हा रिकामी दिसली. अर्जदाराने विचारले असता त्या म्हणाल्या, “एक मानूस जास्त होता मां? मगे मी ऱ्हवतंय. तुमी जावा. देवाक सांगा, म्हातारी घराक आसा.” ज्यांच्यासाठी दोन बोटी झाल्या त्याच घरी राहायला निघाल्या, हे पाहून अर्जदारास फार वाईट वाटले. त्या रात्री तो जेवला नाही.

८. तेव्हा अर्जदाराने प्रवाशांची यादी नव्याने तपासली. तांडेलाशिवाय बोट हलत नाही. काकांशिवाय जत्रेत आमच्या घरचे गाऱ्हाणे घालणारा कोणी नाही. प्रेमा यांनी राहण्याची तयारी तीनदा, जरा जास्तच उत्साहाने, दाखवली; परंतु मातोश्री औषध घेतात ते त्यांच्याच हातून. दोन्ही मुलगे मातोश्रींना उचलून चढवणार-उतरवणार. दोन्ही सुना दोन नातवंडांना सांभाळणार, आणि नातवंडांना तर पणजीचा गाव दाखवायचाच आहे. ज्याच्यावाचून बोट जाऊ शकते असा इसम यादीत एकच निघाला. सबब, क्षमतावाढ मिळत नसल्यास प्रवाशांच्या यादीतून अर्जदाराचे नाव कमी करावे. गाऱ्हाण्यातील दुरुस्तीबाबत काकांना विचारले. देव ऐकून घेईल, मात्र नारळ दोन लागतील, असे ते म्हणाले.

९. अर्जदार जत्रेच्या आदल्या दिवशी एसटीने वाघमळे येथे पोहोचेल. तेथील जेटी आपल्याच विभागाकडे असून तिच्यावर ‘कामाशिवाय थांबू नये’ असा फलक आहे. तरी दि. ४ डिसेंबर रोजी पहाटेपासून बोट लागेपर्यंत जेटीवर उभे राहण्याचा एका माणसाचा पास मिळावा, ही विनंती. अर्जदारास काम आहे. ट्रंक उतरवून घ्यायची आहे. मात्र आधी आईकडे पाहायचे आणि मग ट्रंकेला हात लावायचा, असे त्याने ठरवले आहे.

मोजणीतून स्वखुशीने बाहेर पडलेला,
आपला नम्र,

(सही)
चं. धा. घाडीगांवकर
मुलुंड पूर्व, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) प्रमाणपत्राची प्रत.
२) सुधारित यादी. अनुक्रमांक १ वर श्रीमती माणिक. ट्रंक पुन्हा भरली आहे.