पायाळू माणसाची विहीर

१२ डिसेंबर १९३७. मांडवी, बडोदे, सकाळी.
निघालो! मेहुणे धनाजीराव यांची जुनी लॉरी. आत दोन खाटा, स्टोव्ह, पडदे. विलायतेत याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आमच्या घडियाळी पोळाच्या अरुंद गल्लीत ती शिरेना, म्हणून सामान हमालाकडून इथवर आणलं. समुद्रकाठची माछी, म्हणजे तिकडच्या कोळी लोकांची, सगळी गावं पाहणार. संकल्प: पहाटे उठणे. मोठेपणा न मिरवणे. सौ. निरुपमेने नुसतं माझ्या दरबारी पगडीकडे पाहिलं.

१४ डिसेंबर. बिलिमोऱ्यापुढे.
उठायला आठ वाजले. खाट अरुंद आहे.
एका गावात थांबलो. पगडी पाहून सगळे उभे राहिले. बडोद्याचे साहेब आले म्हणाले. मी साहेब आहे असं मी म्हटलं नाही. कारकून आहात का, असं कोणी विचारलंही नाही.

तोच दिवस, संध्याकाळ.
जिवीमा नावाच्या म्हातारीने गाऱ्हाणं घातलं: साहेब, गावची विहीर खारी झाली, बायका पाण्याला कोसभर चालतात. मी म्हटलं, चिंता नको. मी पायाळू. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतलं पाणी कळतं, हे आई नेहमी सांगे. अनवाणी फिरलो. मासे वाळवायच्या बांबूंमागे तळपाय गार पडला. काठी रोवली. इथे खणा! निरुपमा म्हणते, ओली वाळू होती ती. हिचा कशावर विश्वास म्हणून नाही.
रात्री पापलेटं आली. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

१९ डिसेंबर. पुढचं गाव.
इथेही विहिरीचं विचारलं. पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं. पगडी पेटीत ठेवली. ऊन फारसं नाही.

२३ डिसेंबर.
परतीला दुसरा रस्ता धरणार होतो. निरुपमा म्हणाली, त्याच रस्त्याने. जिवीमाच्या गावी पोचलो तर होड्या सगळ्या वाळूवर. काय आळशी लोक, म्हटलं. तर आम्ही गेल्यापासून कोणी समुद्रावर गेलंच नव्हतं. सगळं गाव खणत होतं. आज सकाळीच पाणी लागलं होतं! छाती फुगली. पहिला घोट साहेबांचा, म्हणून जिवीमाने कोणाला थेंब चाखू दिला नव्हता.
प्यालो. निव्वळ खारं.
सगळे तोंडाकडे बघत होते. गोड आहे, म्हणालो. बायकांनी गूळ वाटायला घेतला.
मग जिवीमा प्यायली. घरातून कोसावरचं पाणी मागवलं, आणि साहेबांचं तोंड खराब झालं असेल म्हणून तांब्या माझ्याच हातात दिला. लाजेने नजर वर होईना. मी साहेब नाही, एवढं तरी तेव्हा सांगायचं. पण तांब्या तोंडाला होता, आणि रिकामा होईस्तोवर मी तो काढला नाही.