खोकल्याची ओळ

ताई,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात अडखळला. आईचं शिवणयंत्र तू मला न विचारता उचलून नेलंस, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला तू, संध्याकाळच्या उपासनेला मी. प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा केल्याची ओळ आली, की मी खोकते. देवासमोर खोटं कसं बोलायचं? क्षमा केली नाही तर आपलं तारण होणार नाही, स्वर्ग मिळणार नाही, याची धास्ती होतीच, पण स्वर्गात तू शेजारी आलीस तर, ही त्याहून मोठी!

काल पाळकबाईंनी माझ्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या घराण्यातच आहे वाटतं. तुमची ताईसुद्धा सकाळी नेमकी त्याच ओळीला खोकते."

चर्चच्या पायरीवर बसून मी पोट धरून हसले. म्हणजे यंत्रावरून मी तुला पाहुण्यांसमोर चोर म्हटलं, ते तूही विसरली नाहीस तर!

येत्या रविवारी सकाळी मी तुझ्या शेजारी येऊन बसणार आहे. ती ओळ यायच्या आधी गोळी दातानं तोडून अर्धी तुला देईन, आई द्यायची तशी. मग दोघी मिळून म्हणून बघू.

हे पत्र मात्र टाकणार नाही. आधी कळलं, तर तू संध्याकाळच्या उपासनेला पळशील.

तुझी,
अजून थोडी फुगलेली धाकटी