इथेलच्या तोंडाचा वास

संत डेविडच्या सणाचा दुसरा दिवस

झालं लग्न! खोटं. मदोगकाकांनी ठरवलं आणि मी मान डोलावली — त्याचाच जास्त राग येतोय. नदीपलीकडचा नॉर्मन सरदार, तो अर्ल, मला बायको करून बाबांच्या मागे त्यांचं खोरं गिळणार होता. आता गिळ म्हणावं! नवरा म्हणून काकांनी दिला त्यांचे ससाणे सांभाळणारा इथेल. चारचौघांत मला 'अगं' म्हणतो, दार लावलं की 'बाईसाहेब', आणि घोंगडी उचलून ससाण्यांपाशी झोपायला जातो.

मे उजाडला की अर्ल राजाबरोबर समुद्रापार लढाईला जाणार. मग मी न्यायसभेत नवऱ्याला सोडायचं. आमच्या वेल्सच्या कायद्यात बाई तीनच कारणांनी आपला हिस्सा घेऊन निघू शकते — महारोग, नामर्दपणा, नाहीतर तोंडाची घाण. काकांनी तिसरं निवडलं. त्यातल्या त्यात अब्रूचं, म्हणाले.

उपवासकाळ, शुक्रवार

इथेल ओढ्याकाठचा रानलसणाचा पाला मुठीमुठीने खातोय. कच्चा! एवढी घाई झालीय माझ्यापासून सुटायची? आज भाकरी त्याच्यासमोर आपटली. हसला. मेल्याच्या तोंडाचा वास दारापर्यंत येतो.

झावळ्यांचा रविवार

शेवटी विचारलंच. खाली मान घालून म्हणाला, "बाईसाहेब, संताच्या घंटेवर हात ठेवून बोलायचंय तुम्हाला. माझ्यापायी खोटी शपथ नको."

आधी स्वतःचा राग आला, मग त्याचा. कोणी सांगितलं होतं इतकं चांगलं वागायला!

गुड फ्रायडे

आजही ससाण्यांपाशीच झोपलाय. झोपू दे!

ईस्टरनंतरचा बुधवार

हलकट! हलकट काका! अर्ल कुठेही जात नाहीये. काल त्याचा माणूस जेवायला होता, मी वाढत होते. दोघं नॉर्मनांच्या भाषेत बोलले. मठातल्या बायकांनी मला ती शिकवलीय, हे काका विसरले. मी सुटले की तेच मला अर्लच्या हवाली करणार, आणि अर्धं खोरं काकांचं. लग्नाचं सोंग कशाला, तर अर्लने नमतं घ्यावं म्हणून!

इथेलला सांगितलं तर तो सुरी शोधायला लागला. म्हटलं, बस खाली. सगळ्यांदेखत घेतलेली शपथ काकांनाही फिरवता येत नाही. मला तेवढं पुरे.

मे महिन्याचा पहिला दिवस

न्यायाधीशांनी इथेलचं तोंड हुंगलं आणि डोळे पुसले. काका खुशीत. मी घंटेवर हात ठेवला. म्हटलं, "मला तर काहीच वास येत नाही."

खोटी शपथ नाही घेतली. सकाळी मीही दोन मुठी पाला खाऊन गेले होते.